पूर खरा, पत्रक खरे, खाते मात्र भलत्याचे

मी बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यातील निदान अर्धी वर्षे धनादेशावरील सही नमुन्याशी ताडून पाहण्यात घालवली. असा मनुष्य पूरग्रस्तांच्या नावाने फसतो आणि आपल्याबरोबर शेजारच्या चौदा कुटुंबांनाही फसवणुकीत ओढतो, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. तरीही सविस्तर लिहीत आहे, कारण दर पावसाळ्यात कुठे ना कुठे दरड कोसळते, नदी गावात शिरते आणि माझ्याकडे आले होते तसले पत्रक पुन्हा कुणाच्या तरी मोबाइलवर येऊन पडते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्याच दिवशी महाड पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर दरड कोसळली. माझी सासुरवाडी चिपळूणजवळची. कोकण रेल्वे ठप्प होती, मेहुण्याचा फोन दोन दिवस लागत नव्हता आणि मुंबईत करोनाच्या निर्बंधांमुळे सर्वसामान्यांना लोकलने प्रवास करण्याचीही मुभा नव्हती. लालबागमधील आमच्या इमारतीत निम्म्याहून अधिक घरे कोकणातली असल्यामुळे त्या दोन दिवसांत जिन्यावर भेटणारा प्रत्येक जण दुसरे काहीच बोलत नव्हता. आपण काहीतरी केले पाहिजे, ही घाई सर्वांच्याच मनात होती आणि त्या घाईवरच पुढचे सारे घडले.

शनिवारी, २४ तारखेला, माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने एक आवाहनपत्रक पाठवले. त्यावर चिपळूण तालुक्यातील एका गावाच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाचे नाव, बोधचिन्ह, चिखलाने भरलेल्या घरांची छायाचित्रे आणि खाली क्यूआर कोड होता. ते गाव मला ठाऊक होते, मंडळाचे नाव ऐकलेले होते आणि छायाचित्रेही त्याच गावची असल्याचे पुढे स्पष्ट झाले. सहकारी सरळ मनाचा गृहस्थ. त्याला ते पत्रक कुणाकडून आले, हे मी विचारले नाही. विचारले असते तर त्याच्यापाठीमागे आणखी कुणीतरी, त्याच्यापाठीमागे आणखी कुणीतरी, अशी साखळीच निघाली असती आणि तिच्या टोकाला मंडळाला प्रत्यक्ष ओळखणारा एकही माणूस सापडला नसता.

मी सोसायटीचा खजिनदार होतो. लोकांनी आपापली रक्कम माझ्या खात्यात पाठवावी आणि मी ती एकत्र पुढे पाठवावी, असे ठरले. माझे पाच हजार धरून ६१,५०० रुपये जमले. रविवारी सकाळी मी कोड स्कॅन केला, तेव्हा पडद्यावर मंडळाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. तिथे मी थांबायला हवे होते. संस्थेच्या नावाचा धनादेश कुणी आपल्या वैयक्तिक खात्यात भरायला आणला असता, तर काउंटरवर बसून मी तो क्षणाचाही विलंब न लावता परत केला असता. पण त्या सकाळी मी मनाशी म्हटले, हेच मंडळाचे खजिनदार असतील, आणि पिन टाकला. मी स्वतःही त्या घटकेला सोसायटीचा पैसा माझ्या वैयक्तिक खात्यात घेऊन बसलो होतो, त्यामुळे मला त्यात काही वावगे दिसलेच नाही.

संध्याकाळी पत्रकावरील क्रमांकावरून फोन आला. बोलणारा अत्यंत अदबीने, "साहेब, तुमच्या सोसायटीचे उपकार आहेत," असे म्हणाला, गावातील वाड्यांची नावे घेतली आणि धान्य तयार असूनही टेम्पोचे भाडे अडल्याचे सांगितले. मी माझ्याकडचे आणखी १८,००० रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी धान्यवाटपाची छायाचित्रे आली, ती मी इमारतीत सर्वांना मोठ्या समाधानाने दाखवली.

दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. "काका, पावती आली का?" हा त्यांचा प्रश्न सोमवारपासून सुरू झाला. त्यांना प्राप्तिकरातील ८०जी कलमाखाली वजावट घ्यायची होती. लोकांची घरे वाहून गेली असताना यांना कराची पडली आहे, असे मला वाटले आणि ते मी पत्नीजवळ बोलूनही दाखवले. चार दिवस मागे लागल्यावर पावतीचे छायाचित्र आले. त्यावर नोंदणी क्रमांक होता, "८०जी पात्र" असा शिक्काही होता, पण संस्थेचा पॅन क्रमांक कुठेही नव्हता. बाईंनी तो नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधला, तर तो भलत्याच नावाच्या न्यासाचा निघाला. मग त्यांनी वाटपाची छायाचित्रे मोठी करून पाहिली. एका छायाचित्रात मागच्या दुकानाच्या पाटीवर "शिरोळ" असे स्वच्छ वाचता येत होते. शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आहे, चिपळूणच्या आसपासही नाही.

सर्वांत अधिक बोचले ते यानंतर. त्या ग्रामस्थ मंडळाची खोली परळला आहे, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. कोकणातील शेकडो गावांच्या अशा गावकीच्या खोल्या या गिरणगावात गिरण्यांच्या काळापासून आहेत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही पैसे पाठवण्याआधी तिथवर जाऊन यावे, असे मला सुचले नव्हते. आता गेलो तेव्हा सात-आठ मंडळी फावडी, घमेली आणि फिनेलचे डबे बांधत बसली होती. त्यांनी मूळ पत्रक दाखवले. मजकूर तोच, छायाचित्रे तीच. मात्र त्यावर बँक खात्याचा क्रमांक होता आणि ते खाते मंडळाच्या नावाचे होते. कुणीतरी तो भाग झाकून त्यावर आपला कोड चिकटवला होता आणि संपर्काचा क्रमांक बदलला होता, एवढाच काय तो फरक.

पोलीस ठाण्यात मी दहाव्या दिवशी गेलो. आधीचे काही दिवस खात्री करण्यात गेले हे खरे, पण उरलेले निव्वळ लाजेत गेले. तेथील अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितले की, असा पैसा काही तासांतच चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडतो, त्यामुळे पहिल्या काही तासांत तक्रार झाली तरच तो वाटेत गोठवता येतो. ज्या नावाने माझ्या पडद्यावर दर्शन दिले होते, तो एक बेकार तरुण निघाला. काही हजारांच्या मोबदल्यात त्याने आपले खाते दुसऱ्याला वापरायला दिले होते. पैसे परत मिळाले नाहीत. आज या कामासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. फसल्याचे लक्षात येताच, घरच्यांना सांगण्याच्याही आधी, तो क्रमांक फिरवावा.

चौदा कुटुंबांचे ५६,५०० रुपये मी माझ्या बचतीतून परत करायला काढले. अकरा जणांनी घेतले नाहीत. शिक्षिकाबाईंनी घेतले, आणि योग्यच केले.

नंतर नियम वाचत बसलो, तेव्हा ध्यानात आले की, पडताळणीची साधने आपल्या हाताशीच असतात. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करायचा असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची वर्गणी काढणाऱ्या लालबागमधील कुठल्याही कार्यकर्त्याला हे कलम पाठ असते. ८०जीची सवलत दोन हजारांवरील रोख देणगीला मिळत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून तर नुसती पावतीही पुरत नाही. संस्थेने देणगीदारांचा तपशील प्राप्तिकर खात्याला कळवून १०बीई नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते भामट्याला देता येत नाही. सरकारी निधीच्या नावावरही डोळे मिटून विसंबू नये. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होताच खऱ्या यूपीआय पत्त्यातील एक अक्षर गाळून बनावट पत्ता तयार झाला होता आणि तो दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणला होता. घाईत वाचणाऱ्याला एक अक्षर दिसत नाही.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा आमच्या सोसायटीने मुख्यमंत्री सहायता निधीला सोसायटीच्याच खात्यातून धनादेश दिला. निधीचे नाव मोबाइलवरील संदेशातून न घेता सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतले होते. खजिनदार आता त्या शिक्षिकाबाई आहेत. त्या वेळीही इमारतीत तीन निरनिराळी पत्रके फिरत होती. त्यांतील एक खरे असेलही, पण आम्ही तिन्ही बाजूला ठेवली.

परळच्या त्या मंडळाकडे मी फसवणुकीनंतर वर्षभराने, २०२२ मध्ये, पुन्हा गेलो होतो, त्या वेळी पैसे घेऊन. मेहुणाही सोबत होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या आळीत कपड्यांचे ढीग येऊन पडले होते आणि चिखल उपसायला मात्र घमेली नव्हती, असे तो तिथे सांगत होता. मंडळाच्या खजिनदारांनी माझी रक्कम वहीत लिहून घेतली, क्रमांक घातलेली पावती फाडून दिली आणि मागच्या वर्षीच्या प्रकरणाचे काय झाले, ते विचारले. मी तक्रारीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "त्या पत्रकावरून पैसे पाठवलेले आणखी चौघे इथे येऊन गेले. पण पोलिसांत तुम्ही एकटेच गेलात."