रेझ्युमेसाठी गूगल डॉक्सचं ‘स्पेअरमिंट’ टेम्प्लेट : माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, मी ११ वर्षं क्वालिटीला होते. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली, त्यात ३ वर्षं गेली. यंदा पुन्हा अर्ज करायला बसले तेव्हा हाताशी होता तो जुना बायोडेटा : वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित, छंद वाचन आणि पाककला, शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ आणि सही. कामाबद्दल जेमतेम दोन ओळी.

म्हणून आधी २,५०० रुपये भरून एका ऑनलाइन सेवेकडून रेझ्युमे करून घेतला. दिसायला देखणा होता. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, फोटोखाली कौशल्यांच्या आडव्या पट्ट्या. ‘कम्युनिकेशन’ची पट्टी ८० टक्के भरलेली. ते ८० टक्के कुणी मोजले, कशाने मोजले? अकरा वर्षं व्हर्नियर हातात धरलेल्या बाईच्या नावावर असा आकडा असावा याचा मला खरंच राग आला. शिवाय माझ्या जुन्या कागदावरचं ‘टीएस १६९४९’, म्हणजे वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक, त्यांनी तसंच उतरवलं होतं. ते मानक जाऊन २०१६ मध्ये ‘आयएटीएफ १६९४९’ आलं, हे ऑटो लाइनमधल्या कुणालाही माहीत असतं.

दोन महिने एकही फोन नाही. मग नोकरीच्या एका पोर्टलवर फाइल चढवताना लक्षात आलं. तिथला फॉर्म रेझ्युमेवरून आपोआप भरतो, आणि कंपनीच्या रकान्यात आलं होतं ‘मायक्रोमीटर’, म्हणजे मापाच्या उपकरणाचं नाव. पीडीएफ उघडली, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. दोन्ही कॉलममधल्या ओळी एकमेकींत घुसल्या होत्या आणि कौशल्यांच्या पट्ट्या गायब, कारण ती नुसती चित्रं होती. ही तपासणी तुमच्या रेझ्युमेवर आजच करून बघा, एक मिनिट लागतं.

तेव्हा गूगल डॉक्सच्या टेम्प्लेट गॅलरीत गेले. रेझ्युमेची काही टेम्प्लेट्स तिथे फुकट आहेत, मोबाइलच्या ॲपमध्येही मिळतात. मी ‘स्पेअरमिंट’ घेतलं. वरून खाली सरळ एकच कॉलम, हिरवी शीर्षकं, बाकी काही नाही. पीडीएफ करून पुन्हा नोटपॅडमध्ये टाकलं, तर प्रत्येक ओळ आपापल्या जागी. फॉर्मही नीट भरला. माझ्यासाठी या टेम्प्लेटचा सगळा गुण एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

पण मजकूर ते तुम्हाला देत नाही. नमुन्याच्या लॅटिन ओळी पुसल्या की पान कोरं. मी तिथे आधी ‘डिटेल ओरिएंटेड’ वगैरेच भरलं आणि आमच्या जुन्या क्वालिटी मॅनेजर सरांना पाठवलं. सरांचा लगेच फोन. “मॅडम, यातून मला काय कळणार? कुठला पार्ट तपासत होता, कशावर तपासत होता, तुमच्यामुळे काय थांबलं, ते लिहा ना.” त्या रात्री जुनी डायरी काढून बसले. सीट ब्रॅकेटच्या भोकाची पोझिशन सरकत होती, ग्राहकाकडून महिन्याला सात-आठ तक्रारी यायच्या. ‘एट-डी’, म्हणजे तक्रारीचं मूळ शोधायचा आठ पायऱ्यांचा अहवाल, मी भरला होता, पार्ट जागेवर धरणारी लोकेटिंग पिन झिजल्याचं शोधलं होतं, लाइनवरच तपासता यावं म्हणून गो-नोगो गेज (पार्ट बरोबर की चूक एवढंच सांगणारं मापाचं साधन) बनवून घेतला होता, आणि तक्रारी दोनवर आल्या होत्या. हे सगळं मी विसरूनच गेले होते! टेम्प्लेटमध्ये त्याच्या तीन ओळी झाल्या. त्या तीन ओळी लिहायला दोन तास लागले.

तीन वर्षांच्या खंडाचं काय करायचं हा प्रश्न होता. लपवला नाही. ‘कौटुंबिक शुश्रूषा’ एवढंच इंग्रजीत, वर्षांसकट, नोकरीसारखंच एका ओळीत लिहिलं. जन्मतारीख, विवाहित, छंद, फोटो सगळं काढलं. एका पानात बसलं.

उणिवा सांगते. ‘पुरस्कार’ असं शीर्षक आयतंच येतं, आणि ते भरायलाच हवं असं वाटून माणूस शाळेतल्या रांगोळी स्पर्धेपर्यंत जातो. सरळ उडवून टाका. हिरवी शीर्षकं झेरॉक्सवाल्याकडच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये फिकी येतात, मी काळी केली. पानाचा आकार ए४ आहे का तेही पेज सेटअपमध्ये बघून घ्या. पाचपैकी चार तारे.

नवा रेझ्युमे पाठवल्यावर तिसऱ्या आठवड्यात चाकणहून फोन आला. मुलाखतीला समोर प्लांटचे क्वालिटी हेड होते, हातात माझं एक पान. त्यांनी गेजच्या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि विचारलं, “पिन किती झिजली होती?” मी आकडा सांगितला. मग त्यांनी कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला, म्हणाले, “गेज काढून दाखवा,” आणि पुढची वीस मिनिटं आम्ही त्या गेजबद्दलच बोलत होतो.