लॉगफ्रेम की ‘सर्वांत महत्त्वाचा बदल’?

विकास प्रकल्पातून काय साधलं हे तपासायच्या या दोन पद्धती. लॉगफ्रेम म्हणजे प्रकल्पाची आखणी मांडणारा तक्ता; ती १९६९च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार झाली. चार ओळी, चार रकाने: उद्दिष्टापासून कृतीपर्यंत प्रत्येक पायरीसमोर निर्देशक (प्रगती दाखवणारी मोजता येणारी खूण), पडताळणीचं साधन आणि गृहीतकं. काय मोजायचं ते आधीच ठरतं, म्हणून निधी देणाऱ्यांना ती आवडते. अडचणही तिथेच आहे. प्रशिक्षणाला किती जण आले हे मोजणं सोपं, म्हणून तेच मोजलं जातं. शिकलेलं वापरलं का, हे मागे पडतं. गृहीतकांचा रकाना तर प्रस्ताव मंजूर झाल्यावर सहसा कुणी उघडत नाही. (खरं तर सगळ्यात उपयोगी तोच!)

दुसरी पद्धत, ‘सर्वांत महत्त्वाचा बदल’, मूल्यमापनतज्ज्ञ रिक डेव्हिस यांनी १९९०च्या दशकात बांगलादेशात विकसित केली. तिच्यात आधी ठरवलेले निर्देशक नसतात. लोकांना विचारायचं: या काळात सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता, आणि का? जमलेल्या कथनांतून चर्चेने निवड होते, निवडीची कारणंही नोंदवली जातात. अनपेक्षित परिणाम इथे सापडतात. पण यशोगाथाच वर सरकतात, आणि बदल किती जणांपर्यंत पोचला ते कळत नाही.

लसीकरणासारख्या ठरीव कामाला मी लॉगफ्रेमच घेईन. वागणूक बदलायची असेल तर दुसरी, सोबत मोजके आकडे. आणि काय बिघडलं, हे मुद्दाम वेगळं विचारावं.