हस्तनिर्मित बास गिटारच्या नावाखाली झालेली फसवणूक

मागणीनुसार हाताने इलेक्ट्रिक बास गिटार घडवून देतो असे सांगणाऱ्या एका कारागिराने माझी ९२ हजार रुपयांना फसवणूक केली. पैसे घेऊन त्याने पोबारा केला असता तर सांगण्यासारखे फारसे काही उरले नसते. तसे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. या गृहस्थाने मात्र गिटार ठरल्या वेळी पाठवली, ती दिसायला देखणी होती आणि पावसाळा सुरू होईपर्यंत बरी वाजतही होती. फसवणूक दडलेली होती ती रंगाच्या थराखाली, फ्रेटबोर्डच्या, म्हणजे तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीच्या, पोटात आणि तारांचे कंपन विजेत उतरवणाऱ्या पिकअपच्या पाठीमागे. हस्तनिर्मित वाद्याच्या बाबतीत हाच प्रकार अधिक घातक असतो, कारण वाद्य हातात आल्यावर ग्राहक निश्चिंत होतो आणि तक्रारीची मुदत मात्र चालू झालेली असते.

मी पुण्यात वाद्यवृंदांमध्ये आणि अधूनमधून ध्वनिमुद्रणासाठी बास वाजवतो आणि त्यावरच माझे घर चालते. अलीकडच्या चित्रपटगीतांतील खालचे स्वर चार तारांच्या बासवर मिळत नाहीत. तिची सर्वांत जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर थांबते, तर पाच तारांच्या बासची बी तार सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. तयार मिळणाऱ्या पाच तारांच्या अनेक गिटारी इतक्या जड असतात की चार तासांचा कार्यक्रम उभ्याने वाजवल्यावर खांदा बोलू लागतो. म्हणून हलक्या लाकडाची, माझ्या हाताच्या मापाची गिटार घडवून घ्यावी असे ठरवले. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बासपासून रूढ झालेले, तारेच्या वाजत्या लांबीचे ३४ इंचांचे माप मला कायम ठेवायचे होते. पाच तारांचा एकत्रित ताण साधारण ८० ते ९० किलोच्या घरात जातो आणि तो अहोरात्र नेकवर, म्हणजे गिटारीच्या दांडीवर असतो, त्यामुळे नेकच्या आत तिला सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईच्या, म्हणजे ट्रस रॉडच्या, दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवाव्यात, अशी माझी स्पष्ट अट होती.

कारागिराचे नाव आणि गाव येथे देत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्याची बोलण्याची पद्धत मात्र सांगितली पाहिजे. बॉडीसाठी तो मिरजेच्या एका जुन्या सतारकाराकडून मिळालेले, कित्येक वर्षे वाळवलेले तून लाकूड वापरणार होता. मिरजेत सतारी आणि तंबोऱ्यांसाठी तून वापरतात हे खरे आहे, मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे हेही खरे आहे, आणि या खऱ्या गोष्टींच्या आडोशानेच त्याचे खोटे सुरक्षित राहिले. त्याच्या अंदाजपत्रकात तून लाकडाचे २२ हजार, कार्बन पट्ट्यांसह मेपल लाकडाच्या नेकचे २४ हजार, शिसवीच्या फ्रेटबोर्डचे ९ हजार, हाताने गुंडाळलेल्या अल्निको (एका चुंबकीय मिश्रधातूच्या) पिकअपचे १४ हजार, रंगकाम व मजुरीचे १६ हजार ५०० आणि शिसवीसाठी ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना म्हणून ६ हजार ५०० रुपये अशी तपशीलवार मांडणी होती. रक्कम तीन हप्त्यांत द्यायची आणि प्रत्येक हप्त्याआधी तो कामाची छायाचित्रे पाठवणार, असे ठरले.

छायाचित्रे येत गेली. एकात मेपलच्या ठोकळ्यावर पेन्सिलने नेकचा आकार आखलेला होता, दुसऱ्यात ट्रस रॉडची खाच आणि तिच्या शेजारी कार्बन पट्ट्यांच्या दोन खाचा होत्या, तिसऱ्यात शिकंज्यांमध्ये आवळलेला फ्रेटबोर्ड होता. सोबत आवाजी संदेश असत: “दादा, गोंद घाईने सुकवला तर पुढे त्रास होतो, आठवडाभर हात लावणार नाही.” बॉडीला मध्ये मधाळ आणि कडेला जवळजवळ काळा होत जाणारा सनबर्स्ट रंग द्यावा, असा आग्रह त्याचाच होता. जुन्या बासना शोभतो तसा रंग, असे तो म्हणाला. त्यामागचे खरे कारण पुढे उघड झाले.

गिटार उन्हाळ्यात आली. जुलैमध्ये हवेतील दमटपणा वाढल्यावर तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जाऊ लागल्या, म्हणजे तारांच्या ओढीने नेक पुढे वाकू लागली. पुण्यातील हवामानात थोडा फरक पडतोच आणि ट्रस रॉडचा नट पाव फेरा फिरवला की तो निघून जातो. येथे नट शेवटपर्यंत आवळला तरी नेक जागची हलली नाही. काही दिवसांतच बॉडीच्या बाजूला फ्रेटबोर्ड आणि नेक यांच्यामध्ये नखाची कड शिरेल एवढी फट दिसू लागली. शहरात गिटारींची दुरुस्ती करणारे एक अनुभवी काका आहेत, त्यांच्याकडे ती नेली. त्यांनी पहिलीच सूचना अशी केली की, आता जे काही उघडायचे ते सलग चित्रीकरण करूनच उघडायचे. पुढे या एका सूचनेचा सर्वाधिक उपयोग झाला.

काकांनी फ्रेटबोर्डवर गरम इस्त्री थोडी थोडी ठेवत, फटीतून पातळ पाते पुढे सरकवत तो अखंड सुटा केला. खाली मधोमध ट्रस रॉडची एकच खाच होती. कार्बनच्या पट्ट्या नव्हत्या आणि त्यांच्यासाठी खाचाही कोरलेल्या नव्हत्या. मग त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फ्रेटबोर्डच्या खालच्या, पॉलिश न झालेल्या बाजूवर फिरवला, तेव्हा बोळा काळपट तपकिरी झाला आणि त्या जागी फिकट पिवळट लाकूड दिसू लागले. शिसवीला स्वतःचा जांभळट तपकिरी रंग आतपर्यंत असतो. येथे कसल्यातरी स्वस्त लाकडाला रंग पाजून शिसवीचे सोंग दिलेले होते.

नंतर नेक जिथे बसते तो बॉडीतील कप्पा पाहिला. तून लाकूड लालसर असते आणि ताजे खरवडले की त्याला देवदारासारखा वास येतो. काकांनी पटाशीने कप्प्याच्या भिंतीवरून एक पातळ साल काढली. ती पांढरट निघाली, नखाने दबत होती आणि तिला कसलाही वास नव्हता. विद्युत जोडणीच्या कप्प्यात काळा शील्डिंग रंग फासलेला होता. खरखर कमी करण्यासाठी तो चांगले कारागीरही फासतात, त्यामुळे त्यात गैर काही नाही, पण तो खरवडल्यावर खाली वेगवेगळ्या रुंदीचे चार तुकडे जोडलेले दिसले आणि वरच्या कडेला कागदापेक्षा थोडा जाड असा व्हिनियरचा, म्हणजे चिकटवलेल्या लाकडी पापुद्र्याचा थर दिसला. देखणे रेषारूप होते ते त्या व्हिनियरवर. अखंड लाकडात पृष्ठभागावरची रेषा कडेवरून खाली उतरत जाते, तर व्हिनियर चिकटवले असेल तर ती कडेला तुटते. तो तुटलेला सांधा झाकण्यासाठी कडेला काळा सनबर्स्ट हवा होता.

पिकअपही उलटे करून पाहिले. बासच्या अल्निको पिकअपमध्ये तारांखालचे दांडे बहुधा स्वतःच चुंबक असतात. येथे साधे पोलादी दांडे होते आणि त्यांच्या पाठीला करड्या सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली होती. सिरॅमिक पिकअप वाईट वाजतात असे माझे मुळीच म्हणणे नाही, काही उत्तम बासमध्ये ते मुद्दाम वापरले जातात. प्रश्न १४ हजार रुपये कशाचे घेतले हा आहे. एकूण पाहता कारखान्यात तयार झालेला जोडणीसंच विकत आणून, त्याला रंग देऊन आणि नेकच्या टोकाला, हेडस्टॉकवर, आपले चिन्ह लावून तो मला विकण्यात आला होता. गमतीचा भाग असा की, त्या गिटारीतील सर्वांत निर्दोष गोष्ट फ्रेटची, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची मांडणी होती. बारावी फ्रेट नटपासून (येथे नट म्हणजे हेडस्टॉकजवळची तारा टेकण्याची खाचांची पट्टी) बरोबर ४३१.८ मिलिमीटरवर, म्हणजे ३४ इंचांच्या अचूक निम्म्यावर होती, कारण ती यंत्राने कापलेली होती.

‘सायटीस परवाना’ हे तर निव्वळ लुबाडणे होते. संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील या करारात शिसवीच्या संपूर्ण वंशाचा (डालबर्जिया) समावेश जानेवारी २०१७ पासून झाला आणि नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हा करार देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या मालासाठी आहे. महाराष्ट्रातील एका गावात घडवून पुण्यात पाठवलेल्या गिटारीला त्याचा परवाना लागण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय शिसवी त्या गिटारीत नव्हतीच.

राहता राहिली छायाचित्रे. चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरल्यावर खाचांचे छायाचित्र परदेशातील एका कारागिराने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेले निघाले. मला पाठवताना ते उजवीकडून कापलेले होते. मूळ चित्राच्या त्या कापलेल्या भागात भिंतीवर अमेरिकी पद्धतीचा, दोन चपट्या फटींचा विजेचा सॉकेट स्पष्ट दिसतो.

दूरध्वनीवर त्याचे पहिले उत्तर होते की लाकूड निसर्गाचे असते, त्यात फरक पडणारच. चित्रीकरण पाठवल्यावर त्याची भाषा बदलली आणि मागणीनुसार बनवलेला माल परत घेतला जात नाही, हे वाक्य सुरू झाले. येथे वाचकांनी लक्ष द्यावे: मागणीनुसार बनवलेली वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करता येत नाही हे मान्य, पण मागणीच पाळलेली नसेल तर त्या वाक्याला आधार राहत नाही. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली, तेव्हा वस्तू मिळालेली आहे, त्यामुळे हा दिवाणी वाद आहे, असे सांगून केवळ अर्ज ठेवून घेण्यात आला. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेत्याच्या गावाला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. विरुद्ध बाजूने अपेक्षेप्रमाणे असा मुद्दा काढला की मी पैसे घेऊन वाजवतो, म्हणजे वापर व्यावसायिक आहे आणि मी ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरली जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच दिलेले आहे. वादक मित्रांनी ही तरतूद लक्षात ठेवावी, कारण आपल्यापैकी अनेकजण या एका मुद्द्याला घाबरून तक्रारच करत नाहीत.

ज्यांना गिटार घडवून घ्यायची आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. मनापासून काम करणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि जोडणीसंच रंगवून तसे सांगून विकणाऱ्यांचाही धंदा प्रामाणिकच आहे. मात्र हप्ता छायाचित्रावर देऊ नये, टप्प्यावर द्यावा, आणि जो टप्पा पुढे कायमचा झाकला जाणार आहे तो झाकण्यापूर्वी द्यावा. फ्रेटबोर्ड चिकटवण्याआधी नेकच्या खाचेशेजारी आपले नाव आणि तारीख पेन्सिलने लिहून त्याचे चालते चित्रण मागावे. खरे काम करणाऱ्याला त्यात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जात नाही. बॉडीचा ठोकळा रंगाआधी चारही बाजूंनी आणि कापलेल्या टोकासकट पाहावा. कापून उरलेला एक तुकडा गिटारीसोबत हवा, असे आधीच लिहून घ्यावे. एका होतकरू कारागिराला मी हे विचारले तेव्हा तो म्हणाला की उरलेले तुकडे कुणी मागत नाही म्हणून तो ते जाळून टाकतो, पुढच्या वेळेपासून जपून ठेवीन. पावतीवर ‘कस्टम बास’ एवढेच न लिहिता लाकडाचे नाव, तुकड्यांची संख्या, नेकमधील पट्ट्या आणि पिकअपचा प्रकार लिहिलेला असावा. माझ्याकडे तसे अंदाजपत्रक लेखी होते म्हणूनच तक्रार उभी राहिली. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुरावा म्हणून द्यायचे असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे तो फोन विकू नये आणि संभाषण पुसू नये.

मध्यंतरी एका परिचिताकरवी निरोप आला की निम्मी रक्कम परत मिळेल, मात्र कोणतीही तक्रार नाही असे लिहून द्यावे आणि याविषयी कुठे काही लिहू नये. मी नकार दिला आहे. सुटा केलेला फ्रेटबोर्ड आणि नेक काकांनी मोहोरबंद पिशवीत ठेवले आहेत आणि पुढील तारखेला त्यांचे शपथपत्र दाखल व्हायचे आहे.