सीसॉल्टरचं ‘द स्पोर्ट्समन’: ऋतू बघूनच जा

इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर समुद्राच्या बांधाला लागून उभा असलेला हा पब बाहेरून अगदीच साधा. या जागेवर 1642 पासून खानावळ आहे. 1999 मध्ये शेफ स्टीफन हॅरिसनं ती हाती घेतली, 2008 मध्ये मिशेलिन तारा, म्हणजे उत्तम जेवणाची मानाची खूण, मिळाला. मीठ इथेच, समोरच्या समुद्राचं पाणी आटवून करतात.

लहान सोल मासळी, म्हणजे आपल्या लेपीची बहीण, समुद्री शेवाळ घातलेल्या लोण्यात अख्खी भाजून येते. ती चुकवू नकाच! मांस काट्यावरून अलगद सुटतं. खाली उरलेलं लोणी पावानं पुसून घ्या. इथल्या मूळ जातीची (नेटिव्ह) कालवं हवी असतील तर सप्टेंबर ते एप्रिलमध्येच जा. उन्हाळ्यात ती अंड्यावर येतात, मांस दुधाळ आणि पचपचीत होतं. टेबल आधीच राखून ठेवा, जवळच्या व्हिटस्टेबल स्टेशनवरून टॅक्सी घ्या.