खुडूक म्हणून गळ्यात मारलेल्या तीन कोंबड्या

"ताई, ही बघा, नुकतीच अंड्यांवरून उठवलीय," असं म्हणत विकणाऱ्याने कोंबडी उलटी धरली आणि छातीवरचा उघडा पट्टा दाखवला. पिसं गेलेली, कातडी लालसर. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीच्या छातीची पिसं जातात, म्हणजे अंड्यांना अंगाची ऊब थेट लागते, हे मी ऐकून होते. तेवढ्यावरच फसले. काहीच माहीत नसतं तर चार प्रश्न जास्त विचारले असते.

मशीनशिवाय घरची पिल्लं काढायची होती, म्हणून साध्या कोंबडीच्या दुप्पट पैसे मोजून तीन तांबड्या कोंबड्या आणल्या. "अस्सल गावरान, वर्षातून तीनदा बसतात." तुरा फिका का, असं विचारलं, तर म्हणाला, बसलेल्या कोंबडीचा तुरा फिकाच पडतो. हेही खरं आहे. त्याचं एकेक वाक्य खरं होतं, खोट्या होत्या त्या कोंबड्याच.

पहिल्या रात्री एकीखाली अकरा अंडी ठेवली. सकाळी बाई दांडीवर आणि अंडी गार. फोन केला तर उत्तर तयार: "प्रवासात खुडूक मोडते, आठवडाभर थांबा." तसं होतंही, म्हणून थांबले. मग दुसरी दुपारच्या वेळी खोक्यात बसलेली दिसायला लागली. मी हरखून तिच्याखाली पुन्हा नऊ अंडी सरकवली. ती तिथे फक्त आपलं अंडं घालायला बसत होती, हे कळायला मला सात दिवस लागले. रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी धरून पाहिली. बहुतेक कोरी, दोनात रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरून मेलेला. ती दोन अंडी टाकताना फार वाईट वाटलं.

कोंबड्यांमधलं कळणाऱ्या एका जाणत्या बाईने तिन्ही पाहिल्या आणि पहिला प्रश्न केला, "चोच बघितलीस का गं?" वरच्या चोचीचं टोक बोथट, खालचीपेक्षा आखूड. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच चोच छाटतात. म्हणजे या पिंजऱ्यातल्या लेअर, फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या आणि वय होऊन काढून टाकलेल्या. छातीचा उघडा पट्टा पिंजऱ्याच्या जाळीवर घासून आणि इतरांनी पिसं उपटून झालेला. मान आणि पाठही तशीच विरळ होती, पिसांचे तुटके देठ दिसत होते. मी पाहिलं नव्हतं इतकंच. पायही पांढरट. पिवळ्या पायांच्या जातीत कोंबडी खंड न पडता अंडी देत राहिली की पायांचा पिवळा रंग उतरत जातो. अंडी थांबवून एकवीस दिवस बसणाऱ्या, मग पिल्लं वाढवणाऱ्या कोंबडीचा तो हळूहळू परत भरतो.

लेअर कोंबडी का बसत नाही, हेही तेव्हाच नीट समजलं. खुडूक झाली की अंडी बंद, मग धंदा कसा चालणार? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्याच कोंबड्या निवडत गेले. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये ही सवय जवळपास उरलेली नाही, आणि फार्मवरच्या तांबड्या संकरित कोंबड्यांमध्येही क्वचितच. याउलट सिल्की, कोचिन, ब्रह्मा, ऑर्पिंग्टन आणि असील बसण्यासाठी ओळखल्या जातात. तरी जात म्हणजे हमी नाही. एकाच पिढीतल्या दोन बहिणींपैकी एक बसते, दुसरी आयुष्यभर वळूनही पाहत नाही.

मी भांडायला गेले, तर त्याने बदली म्हणून "सिल्की" काढली. पांढरी, डोक्यावर तुर्रा. या वेळी मी बोटं मोजली: एका पायाला चार. सिल्कीला पाच असतात, कातडी काळसर असते आणि पिसं केसांसारखी मऊ, सुटी. हिची साधीच होती. कसलातरी संकर असेल. बसलीही असती कदाचित, पण त्याच्या शब्दावर पुन्हा पैसे घालवायचे नव्हते. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

आता कोणी खुडूक म्हणून विकायला आणलं की मी म्हणते, इथे दाखवू नका, तिच्या जागेवर दाखवा, तेही अंधार पडल्यावर. खरी खुडूक रात्री अंड्यांवरच असते. हात घातला की अंग फुगवते, गुरगुरते, टोचते. दिवसातून एखाददा उठते तेव्हा विष्ठेचा मोठा, घाण वासाचा गोळा टाकते. नाक मुरडू नका, तो चांगला पुरावा आहे. आणलीत तर रात्रीच हलवा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि आधी टाकाऊ अंडी द्या. तीन रात्री जागची हलली नाही, तरच तारीख घातलेली चांगली अंडी सरकवा. आणि चोच, मान, पाठ, पाय सगळं उजेडात बघा, विकणारा दाखवेल तेवढंच नव्हे.

त्या तिघी अजून आहेत, खुराड्यात कोंबडाही आहे. अंडी मात्र भरभरून देतात. त्यांचीच नऊ अंडी मी उसन्या आणलेल्या असील कोंबडीखाली घातली आहेत. आज सतरावा दिवस. पाणी बदलायला गेले तर अजून हातावर धावून येते.