मुद्रा लोनच्या नावाखाली माझे २३ हजार गेले, पुरानंतर असा फोन आला तर आधी हे वाचा

इतकी वर्षं हे घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात आमच्या इथल्या भाजीवाल्या मावशींना तसाच फोन आला, बोलायची पद्धत पण अगदी तीच, म्हणून ठरवलं की आता सगळं लिहायचं.

चिपळूणला माझं छोटं शिलाईचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते सगळ्यांना माहितीये. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर दोन शिलाईची मशीन आणि एक पिकोचं, तिन्ही चिखलात आडवी. बॉबिन केसमध्ये चिखल इतका घट्ट बसलेला की स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागला, मोटरी तर गेल्याच. आणि त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकांच्या साड्या, फॉल-बिडिंगला आलेल्या, एका लग्नाचे सात ब्लाउज पीस, सगळ्याचा एकच काळा गोळा झालेला. ते भरून द्यायचे कुठून? ह्यांची रिक्षा पण पाण्यात गेली होती, म्हणजे घरात येणारे दोन्ही पैसे एका दिवसात बंद.

पंचनामे सुरू झाले, तलाठी भाऊसाहेब चिखल तुडवत आले, घर बघितलं, दुकान बघितलं, सह्या घेतल्या. घरात पाणी शिरलेल्यांना कपडे-भांड्यांसाठी १० हजार आणि दुकानदारांना नुकसानीप्रमाणे जास्तीत जास्त ५० हजार असं जाहीर झालं होतं पण हातात कधी पडणार ते कुणी सांगेना. त्याच दिवसांत फेसबुकवर जाहिरात दिसली, पूरग्रस्त व्यापाऱ्यांसाठी पंतप्रधान मुद्रा इमर्जन्सी लोन, २ टक्के व्याज, ३५ टक्के सबसिडी, पंतप्रधानांचा फोटो, खाली फॉर्म. मी भरला, नाव, मोबाईल, किती लोन पाहिजे. २ लाख लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. माणूस इतका नम्र बोलत होता, "ताई, तुमच्या चिपळूणचं फार वाईट झालं हो, आम्ही पूरग्रस्तांच्या फाईल आधी घेतोय". पहिल्या फोनला पैशाचं अक्षरही काढलं नाही त्याने. आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, दुकानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवले. चिखलाने भरलेल्या दुकानाचा फोटो मी त्याला पाठवला तर म्हणाला "अरेरे ताई". तेव्हा वाटलं देवच भेटला.

संध्याकाळी अप्रूव्हल लेटर आलं. वर अशोकस्तंभ, मुद्राचा लोगो, माझा फोटो, गोल शिक्का, २ लाख मंजूर, हप्ता किती ते पण लिहिलेलं. खाली दिल्लीचं मुख्य कार्यालय. आणि मग मागणी, फाईल चार्ज १,८५० रुपये. एवढं तर लागणारच म्हणून मी पाठवले. दोन दिवसांनी म्हणे लोनचा विमा ६,३०० भरायचा, तो लोनच्या रकमेबरोबर परत मिळणार. तेही गेले. पैसे ज्या यूपीआयवर जात होते तिथे सरकारचं नाव नव्हतं, साध्या एका माणसाचं नाव येत होतं, विचारलं तर म्हणाला "ते आमच्या अकाऊंट ऑफिसरचं आहे ताई", आणि मी ऐकलं.

मग सरकारचे १० हजार खात्यात जमा झाले. त्याच दिवशी त्याचा फोन, जीएसटीचे १४,९९९ आज भरले नाहीत तर फाईल कॅन्सल आणि आधीचे पण बुडाले. मदत जमा झालेली त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीच आदल्या दिवशी बोलताना बोलून गेले होते की येतायत म्हणून. ते १० हजार, वर भिशीतले ५ हजार, सगळे गेले. मुलांच्या कपड्यांना, भांड्यांना म्हणून आलेले पैसे होते ते, हे आठवलं की आजही पोटात तुटतं. एकूण २३,१४९ रुपये.

त्यानंतर "रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स" म्हणून २१ हजार मागितले तेव्हा माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं म्हणून थांबले, शहाणपण सुचलं म्हणून नाही. ते लेटर घेऊन बँकेत गेले. मॅनेजर साहेबांनी एक मिनिट बघितलं आणि म्हणाले, मुद्रा ही संस्था स्वतः कुणालाही लोन देत नाही, देतात बँका आणि फायनान्स संस्था, आणि मुद्राचं ऑफिस मुंबईत बीकेसीला आहे, दिल्लीचं काय घेऊन बसलात. सबसिडी पण मुद्रात नसतेच, ती पीएमईजीपी नावाच्या दुसऱ्या योजनेत असते, तिथला आकडा उचलून इथे चिकटवला होता. पोलीस स्टेशनला अर्ज दिला, चांगलं ऐकून घेतलं त्यांनी, पण मी गेले तोवर पंधरा दिवस होऊन गेलेले, पैसे कधीच पुढे काढून घेतलेले.

म्हणून सांगते, पैसे गेल्याचं कळल्या कळल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा, रात्र असली तरी. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात, लाजेने दोन दिवस थांबलात तर हातातून जातात. आणि आधार-पॅन पाठवलं असेल तर वर्षातून एकदा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, फुकट मिळतो तो काढून बघा, तुमच्या नावावर भलतंच लोन उचललेलं नाही ना. आधारचं बायोमेट्रिक पण लॉक करता येतं, मी केलंय.

अजून एक, हे तर कुणी सांगतच नाही. चारेक महिन्यांनी मला परत फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे पकडलेत, सोडवायला ३ हजार भरा". तोही ठगच, एकदा फसलेल्यांचे नंबर ह्या लोकांकडे असतात. खरं सांगते, क्षणभर मी भरणार होते.

पुढच्या वर्षी त्याच बँकेतून मी खरं मुद्रा घेतलं, शिशु म्हणजे ५० हजारांपर्यंतचं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी केली, ती सरकारी साईटवर फुकट होते, कुणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नका. मशीनवाल्याचं कोटेशन दिलं. बँकेचे साहेब स्वतः दुकान बघायला आले, पाच आठवडे लागले, मशीनचे पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात गेले, आणि प्रोसेसिंगचं म्हणून माझ्याकडून काही घेतलं नाही. तारण पण नाही. व्याज मात्र बँकेच्या नेहमीच्या दराने, २ टक्के वगैरे काही नाही. तलाठी काय नि बँकेचे साहेब काय, देणारे दुकानाच्या दारात आले होते. तो "ताई ताई" करणारा कोण, कुठला, मला आजवर माहीत नाही.

आता मावशींचं. त्यांना सांगितलं होतं की फेरीवाल्यांना पीएम स्वनिधीतून डायरेक्ट ५० हजार मिळतात, आधी ९९९ भरा. स्वनिधी खरीच योजना आहे, पण पहिलं कर्ज आता १५ हजारांचं असतं, ते वेळेवर फेडलं की २५, मग ५०, आणि विक्रेता असल्याचं नगरपरिषदेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. मावशींनी गुगल पे उघडून ठेवलं होतं, नातीने पिन टाकायच्या आधी मला हाक मारली म्हणून वाचल्या. सोमवारी त्यांच्याबरोबर मी नगरपरिषदेत जाणार आहे, आधार आणि पासबुक त्यांनी आत्ताच पिशवीत घालून ठेवलंय.