ऑनलाइन परिचय मेळाव्यासाठी झूम, मीट, टीम्स की जित्सी? सुरक्षिततेच्या अंगाने एक तुलना

उद्योजकांच्या मंडळाला, माजी विद्यार्थ्यांच्या संघाला किंवा बचत गटांच्या महासंघाला ऑनलाइन परिचय मेळावा घ्यायचा असला की पहिला प्रश्न कोणते ॲप घ्यावे हा असतो आणि ‘सगळ्यांच्या फोनमध्ये जे आहे ते’ असे त्याचे उत्तर ठरून जाते. व्याख्यानापुरते हे उत्तर चालते, कारण तेथे एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. परिचय मेळाव्यात मात्र अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलावे हाच हेतू असतो. फोन नंबर, पत्ता, उलाढाल, मालाचे दर अशी माहिती लोक आपणहून सांगतात, आणि तीही चार-पाच जणांच्या लहान खोलीत, जेथे संयोजक बहुतेक वेळा हजर नसतो. म्हणून अशा मेळाव्यासाठी ॲप निवडताना चित्र किती स्वच्छ दिसते यापेक्षा आत कोण आले आणि ते कोणाबरोबर बसले, हे आपल्या हातात किती राहते, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे.

या मताला एक अनुभव कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील लघुउद्योजकांचा असा मेळावा मी व आणखी दोघांनी मिळून घेतला होता. नोंदणी ३१ जणांची होती आणि प्रत्यक्षात ४६ जण हजर होते, कारण सभासदांनी कौतुकाने ती लिंक आपापल्या व्हॉट्सॲप गटांत पाठवली होती आणि आम्हीही जितके जास्त तितके बरे म्हणून सर्वांना आत घेतले. कोणी गोंधळ घातला नाही, पडद्यावर काही भलतेसलते दाखवले नाही. कार्यक्रम उत्तम झाला असेच आम्हांला वाटले. पुढच्या आठवड्यात मात्र सात-आठ सभासदांना ‘त्या मेळाव्यात आपली ओळख झाली होती’ असे सांगून स्वस्त कर्ज मिळवून देणाऱ्यांचे फोन आले, आणि पापड-कुरडयांचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून ४,५०० रुपये भरले. ते पैसे परत मिळाले नाहीत. ॲपमध्ये कोणताही बिघाड नव्हता. दार आम्हीच उघडे ठेवले होते.

दाराच्या बाबतीत चारही ॲपची रीत वेगवेगळी आहे. झूमच्या सशुल्क खात्यात नोंदणीची सोय असते: इच्छुकाने अर्ज भरायचा, संयोजकाने तो पाहून मंजूर करायचा, आणि मग प्रत्येकाला त्याची स्वतंत्र लिंक जायची. एका नोंदणीवर एकाहून अधिक उपकरणांवरून येण्याची मुभा तेथेच बंद करता येते, त्यामुळे लिंक पुढे पाठवली गेली तरी तिचा उपयोग मर्यादित राहतो. त्यापुढे वेटिंग रूम, म्हणजे संयोजक आत घेईपर्यंत थांबण्याची जागा, आहे. बाहेर काढलेली व्यक्ती मूळ सेटिंगनुसार पुन्हा आत येऊ शकत नाही, आणि सर्व आले की मीटिंगला कुलूप घालता येते. मोफत खात्यात नोंदणीची सोय नाही. गुगल फॉर्मवर नावे घेऊन ती वेटिंग रूममध्ये हाताने पडताळावी लागतात. कोणत्याही खात्यावर स्वतःचा कायमचा मीटिंग क्रमांक मात्र मेळाव्यासाठी वापरू नये, कारण तो एकदा बाहेर गेला की पुढच्या प्रत्येक बैठकीचे दार त्याच क्रमांकावर असते.

गुगल मीटमध्ये ओळख गुगल खात्यावरून येते. लॉग-इन केलेल्या माणसाला मीटिंगमध्ये ऐनवेळी आपले नाव बदलता येत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे. पण आपल्याकडच्या घरांत फोन मुलाच्या खात्यावर चालतो आणि मेळाव्याला आई बसते. मग दारात जे नाव दिसते ते यादीत सापडत नाही आणि तेथल्या तेथे दुरुस्तही करता येत नाही. झूममध्ये याच्या उलट स्थिती आहे: नाव कोणालाही बदलता येते, म्हणून खोटेही घालता येते, पण ‘नाव, गाव, व्यवसाय’ अशी पाटी प्रत्येकाला लावायला सांगता येते आणि परिचय मेळाव्यात या पाटीचा फार उपयोग होतो. संयोजकाकडे पक्की यादी असेल तर मला झूमची रीत अधिक सोयीची वाटते. यादी नसेल तर मीटची अधिक सुरक्षित.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये वेटिंग रूमसारखीच लॉबी आहे आणि लॉबी टाळून थेट आत कोणी यावे हे ठरवता येते. शिवाय सर्वांना केवळ उपस्थित म्हणून ठेवून सादरकर्त्याचा हक्क मोजक्यांना देता येतो, म्हणजे स्क्रीन शेअर करण्याचा प्रश्न मुळातच मिटतो. जित्सी मीट हे मुक्तस्रोत (ओपन सोर्स) ॲप आहे; लिंक उघडली की ब्राउझरमध्येच चालते आणि येणाऱ्याला खाते लागत नाही. सार्वजनिक जित्सीवर खोली उघडणाऱ्याला ऑगस्ट २०२३ पासून लॉग-इन करावे लागते. तेथे खोलीचे नाव हाच पत्ता असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. ‘उद्योजकमेळावा’ असे सोपे नाव दिले तर तेच नाव टाइप करणारा कोणीही दाराशी येऊन उभा राहतो. खोली रिकामी झाली की तिचा पासवर्डही पुसला जातो, त्यामुळे मध्यंतरानंतर सर्वजण परत येताना तो पुन्हा घालावा लागतो.

आता लहान खोल्या, म्हणजे ब्रेकआउट रूम. येथे गणित मांडून पाहणे चांगले. ६० जण असतील आणि एका खोलीत पाच जण बसवले, तर १२ खोल्या होतात. प्रत्येकाला दोन मिनिटे आणि वर दोन मिनिटांची सवड धरली तर एक फेरी १२ मिनिटांची. चार फेऱ्यांत एकजण जास्तीत जास्त १६ नव्या माणसांना भेटतो आणि ४८ मिनिटे जातात. स्वागत आणि समारोप धरून सव्वा तास लागतो. झूमच्या मोफत खात्याची मर्यादा ४० मिनिटे आणि १०० जण अशी आहे, म्हणजे दुसरी फेरी संपता संपता मीटिंग बंद पडेल. मोफत मीट तिघांपेक्षा कमी नसतील तर ६० मिनिटे चालते, पण त्यात ब्रेकआउट रूमच नाहीत. त्या गुगल वर्कस्पेस या संस्थांसाठीच्या सेवेच्या बिझनेस स्टँडर्ड किंवा त्यावरच्या सशुल्क योजनांत मिळतात. मोफत टीम्सचीही मर्यादा ६० मिनिटांचीच आहे. थोडक्यात, ६० जणांचा मेळावा फुकटात नीट होत नाही, आणि एका महिन्याचे वर्गणीचे पैसे वाचवण्यासाठी सभासदांची ओळख धोक्यात घालणे मला पटत नाही.

खोल्यांची आखणी होस्टने (मीटिंग चालवणाऱ्याने) संगणकावरूनच करावी. झूममध्ये प्रत्येक खोलीत मदत मागण्याचे बटण असते. कोणी नको ते विचारू लागला तर ते दाबावे हे सभासदांना सुरुवातीलाच, एकदा प्रत्यक्ष दाखवून सांगावे. आपली खोली आपणच निवडण्याची मुभाही झूममध्ये देता येते, पण पहिल्या मेळाव्यात ती देऊ नये, कारण नंबर गोळा करायला आलेल्या माणसाला खोल्याखोल्यांतून फिरण्याचा परवानाच मिळतो. १२ खोल्यांसाठी निदान तीन को-होस्ट असावेत आणि त्यांनी प्रत्येकी चार खोल्यांत फेरी मारावी. क्लाउडवरचे रेकॉर्डिंग केवळ मुख्य खोलीचे होते, त्यामुळे लहान खोलीत काय घडले याचा पुरावा नंतर मिळेल या भरवशावर राहू नये. तसेच आपण रेकॉर्डिंग बंद ठेवले तरी समोरच्याला फोनवर पडदा टिपता येतो, आणि हे कोणतेही ॲप पूर्णपणे थांबवू शकत नाही.

चॅटविषयी थोडक्यात. झूममध्ये दोघांमधला खासगी निरोप होस्टला मीटिंगमध्ये दिसत नाही, म्हणून खासगी चॅट बंद करून सर्वांसमोरचे तेवढे चालू ठेवावे आणि फाइल पाठवण्याची सोयही बंद करावी. मीटचे चॅट मुळातच सर्वांसमोरचे असते.

झूम सुरक्षित नाही, हा आक्षेप अजूनही बैठकीत निघतो, आणि तो निराधार नव्हता. एप्रिल २०२० मध्ये टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संशोधन गटाने झूमच्या कूटलेखनातील (एन्क्रिप्शन, म्हणजे बाहेरच्याला कळू नये म्हणून संभाषण सांकेतिक करणे) उणिवा दाखवल्या, आणि त्याच महिन्यात १६ तारखेला आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानेही झूम सुरक्षित मंच नसल्याचे सांगून खासगी वापरकर्त्यांसाठी सूचना काढल्या. त्याच महिन्यात पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू राहू लागल्या, पुढे कूटलेखन २५६ बिटांचे झाले, आणि ऑक्टोबर २०२० पासून दोन टोकांमधले संपूर्ण कूटलेखनही देण्यात आले. ते चालू केले की क्लाउड रेकॉर्डिंग आणि साध्या फोनवरून येण्याची सोय बंद होते. वकिलांच्या किंवा पत्रकारांच्या बैठकीला ते अवश्य लावावे. परिचय मेळाव्यात मात्र भीती तारेवर कान लावणाऱ्याची नसून खोलीत बसलेल्या अनोळख्याची असते, आणि त्याला कूटलेखन अडवू शकत नाही. गृह मंत्रालयाच्या त्या सूचना (दर वेळी नवा क्रमांक व पासवर्ड, होस्टआधी प्रवेश नाही, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे, सर्व आल्यावर कुलूप) आजही कोणत्याही ॲपवर शक्य तितक्या पाळाव्यात.

तीनशे-चारशे जणांचा मेळावा असेल तर बेंगळुरूच्या एअरमीटसारखे, पडद्यावर टेबले मांडून देणारे खास मंच पाहावेत. पन्नास-साठ जणांसाठी मी ते सुचवणार नाही. लोकांना नवी मांडणी शिकवण्यात पहिली वीस मिनिटे जातात. शिवाय असे मंच हात बदलतात. साथीच्या काळात गाजलेल्या हॉपिनने आपला कार्यक्रमांचा व्यवसाय २०२३ मध्ये रिंगसेंट्रलला विकला.

माझी निवड अशी आहे. ४० ते १०० जण, बरेचसे फोनवरून येणारे आणि निम्मे एकमेकांना अनोळखी असतील, तर एका महिन्यापुरते झूमचे सशुल्क खाते घ्यावे. संस्थेकडे आधीच वर्कस्पेसची योग्य योजना असेल आणि सभासद आपापल्या गुगल खात्याने येणारे असतील, तर मीट पुरेसे आहे. पाट्यांची उणीव निवेदकाने भरून काढावी. सर्वजण एकाच कंपनीचे किंवा महाविद्यालयाचे असून टीम्स रोज वापरत असतील, तर दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. पंधरा-वीस जणांची ओळखीची मंडळी असतील आणि येणाऱ्या कोणाच्याही खात्यात नोंद राहू नये असे वाटत असेल, तर जित्सी घ्यावे, शक्य असल्यास स्वतःच्या सर्व्हरवर. परदेशातील मराठी मंडळी येणार असतील तर उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी साडेसात ही वेळ सोयीची पडते. तेव्हा लंडनला दुपारचे तीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजलेले असतात.

कोणतेही ॲप घेतले तरी पहिली वीस मिनिटे दारावर एक स्वतंत्र माणूस बसवावा, आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. वेटिंग रूममध्ये प्रत्यक्षात काय दिसते ते सांगते: ‘रेडमी’, ‘गॅलेक्सी’, ‘आयफोन’, ‘आई’, ‘श्री स्वामी समर्थ’, नुसते एक टिंब. यांतले बहुतेक आपलेच सभासद असतात. झूममध्ये प्रत्येकाला ‘नोंदणीतील नाव व गाव लिहावे’ असा निरोप वेटिंग रूममध्ये पाठवावा. तरीही नाव कळले नाही तर नोंदणीतल्या क्रमांकावर फोन करून विचारावे, आणि तरीही पटले नाही तर आत घेऊ नये. एखादा खरा सभासद पाच मिनिटे खोळंबतो, रागावतो. त्याची नंतर समजूत काढता येते.

नंबरांची देवाणघेवाण मेळाव्यात होऊच देऊ नये, ती नंतर यादीने करावी. नोंदणीच्या अर्जातच ‘माझा नंबर इतर सहभागींना द्यावा’ आणि ‘देऊ नये’ असे दोन पर्याय ठेवावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता येण्याचा पर्याय दिला आहे, त्यात मराठी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तो अर्ज साध्या मराठीत असावा, आणि ज्यांनी ‘देऊ नये’ म्हटले त्यांना हवे तेव्हा संयोजकामार्फत निरोप पोचवावा. आमच्या त्या ताई आता दरवेळी हाच पर्याय निवडतात, आणि त्यांच्या पापडांच्या ऑर्डरी माझ्या फोनवरून त्यांच्याकडे जातात.